तेल पिणारा ट्रक, उतारावरचं न्यूट्रल आणि वडिलांची पद्मिनी

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विचारणा आहे: ‘मिस्त्री इंजिन खोलायला सांगतात, खोलू का?’ म्हणून निफाडच्या पत्राला जास्त जागा देतो. ज्यांचं पत्र छापलेलं नाही त्यांनी तेच उत्तर आपलं समजावं.

माझा टाटा १६१३ ट्रक आहे, २००२ मॉडेल, ६९७ टर्बो इंजिन. लासलगावचा कांदा उरणला नेतो. दर ४०० किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागतं. धूर फारसा नाही, पिकअप ठीक, सकाळी एका सेल्फला चालू होते. मिस्त्री म्हणतात हाफ इंजिन करा, म्हणजे इंजिन खोलून रिंगा-पिस्टन बदला, ६५ हजार लागतील. करू का?
– एक ट्रकमालक, निफाड

नका करू. निदान एवढ्यात तरी नका.

दादा, अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. पिस्टनच्या रिंगा गेलेलं इंजिन थंडीच्या दिवसांत एका सेल्फला उठत नाही. कसाऱ्याच्या चढाला ते दम टाकतं. आणि ऑइल जाळत असेल तर निळा धूर मागच्या गाडीवाल्याला दिसल्याशिवाय राहत नाही. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. म्हणजे ऑइल जळत नाहीये, ते दुसरीकडे कुठेतरी जातंय. ४०० किलोमीटरला लिटर हे काही थोडं नाही, ते कुठेतरी सापडणारच.

आधी एअर टाकी, म्हणजे ब्रेकसाठी हवा साठवणारी टाकी, बघा. सकाळी गाडी चालू करण्याआधी टाकीखालचा ड्रेन कॉक उघडा आणि खाली पांढरं फडकं किंवा रिकामा डबा धरा. पाणी येईल, त्यात ऑइलचा हलका तवंग असेल, तो चालतो. पण पाण्याबरोबर काळं ऑइल वाटीभर पडलं, तर तुमचा चोर त्या टाकीत हवा भरणारा एअर कॉम्प्रेसर आहे. त्या कॉम्प्रेसरला वंगण मिळतं ते इंजिनच्याच ऑइलचं. त्याच्या रिंगा झिजल्या की तो हवेबरोबर ऑइलही टाकीत ढकलतो. एअर क्लीनर चोंदलेला असला तर चांगला कॉम्प्रेसरही ऑइल वर ओढतो, म्हणून तो आधी साफ करा. कॉम्प्रेसरपासून टाकीकडे जाणारा पाइपही सोडून बघा. आतून कार्बनने भरला असेल तर एअर भरायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागत असणार. तेही आठवून बघा.

हे मी पैसे घालवून शिकलो, आणि पैसे दुसऱ्याचे होते. १९९१ साली माझ्या कराडच्या गॅरेजात एक टाटा १२१० आली. उसाची गाडी. कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आत मालकाला ती तयार हवी होती. तक्रार तुमचीच. मी डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघितली, मालकाचं म्हणणं ऐकलं आणि सरळ हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवलं. लायनर, म्हणजे सिलिंडरचे आतले नळे, मोजले तेव्हा झीज मर्यादेतच निघाली. तिथेच थांबायला हवं होतं, पण एकदा इंजिन खोललंय तर करूनच टाकू म्हणून सहाही लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं नवी घातली. पंधरा दिवसांनी गाडी परत दारात. ऑइल पहिल्याइतकंच कमी. मी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो आणि मागे क्लीनर पोरगं टाकीचं पाणी सोडत होतं. ते ओरडलं, ‘मिस्त्री, पाणी नाही, ऑइल येतंय.’ मजुरी मी परत केली. सामानाचे पैसे मात्र त्या माणसाचे गेले ते गेलेच. त्यासाठी त्याने कारभारणीची बोरमाळ गहाण टाकली होती, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून माझ्याकडे एअर टाकी तपासल्याशिवाय कुठल्याही गाडीचं हेड उतरलेलं नाही.

टाकी कोरडी निघाली तर टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा, बघा. टर्बोकडून इंजिनकडे जाणारा होज सोडा. आत ऑइल साचलेलं असेल, किंवा शाफ्ट बोटाने हलवल्यावर चाक बाजूच्या घराला टेकत असेल, तर टर्बोचं काम आहे. मग इंजिनच्या मागच्या टोकाला, क्लच हाउसिंगच्या खाली हात फिरवा. तिथे मागच्या सीलचं ऑइल ठिबकत असतं आणि चालत्या गाडीत ते रस्त्यावर सांडतं, म्हणून उभ्या गाडीखाली डाग फारसा दिसत नाही.

शेवटी बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगांवरून खाली निसटणारा दाब. इंजिन गरम असताना आयडलवर ऑइल भरायचं झाकण काढा आणि उलटं करून तिथेच नुसतं ठेवा. जरा थरथरलं तर काळजी नाही. उडून पडलं आणि भकाभक वाफ आली, तर तुमच्या मिस्त्रींचं म्हणणं खरं मानू. तरीही हेड उतरवल्यावर बोअर गेजने सिलिंडरचा आतला व्यास (बोअर) मोजून आकडे कागदावर लिहून मागा. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर (आधीच्या ६९२ मध्ये तो ९२ होता), त्यामुळे मूळ माप काय हे इंजिनच्या नावातच आहे. वरच्या टोकाला किती झिजलं आणि खाली किती, हे न सांगता जो लायनर बदलायला निघतो त्याला काम देऊ नका.

आणखी एक. ऑइल कोण बघतं आणि कधी बघतं? गाडी सपाटीला, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली, मगच डिपस्टिक बाहेर यायला हवी. ढाब्यावर थांबल्या थांबल्या बघितलं तर ऑइल अजून वरच असतं, कमी दिसतं, आणि क्लीनर लिटरभर ओततो. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरलेलं ऑइल इंजिन फेकून देतं. महिनाभर वहीत तारीख, किलोमीटर आणि टाकलेलं ऑइल लिहा, मग मला कळवा.

यजमानांच्या पश्चात दोन दहाचाकी गाड्या मीच बघते. सातारा–मुंबई फेऱ्या आहेत. एक ड्रायव्हर ॲव्हरेज फार चांगलं देतो, त्याला मी दर महिन्याला बक्षीस देते. आता कळलं की तो उतारावर गाडी न्यूट्रल करतो, कधी इंजिनही बंद करतो. त्याचं म्हणणं, सगळेच करतात. खरंच एवढं डिझेल वाचतं का?
– एक वाचक, सातारा

ताई, सगळ्यात आधी ते बक्षीस बंद करा. तुम्ही चांगल्या मनाने देता, पण ड्रायव्हरने त्याचा अर्थ ‘उतारावर न्यूट्रल’ असा लावला आहे.

न्यूट्रलने डिझेल वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ड्रायव्हरने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की चाकंच इंजिन फिरवतात. जुन्या गाडीत पंपाचा गव्हर्नर आणि नव्या गाडीत कॉम्प्युटर अशा वेळी नोझलचं डिझेल पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरताना खर्च शून्य, न्यूट्रलमध्ये आयडलचा खर्च चालूच. हे त्याला समजावून सांगा, कारण बहुतेक ड्रायव्हरना हे कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

इंजिन बंद केलं तर थोडं डिझेल वाचतं हे खरं. पण त्या वेळी कॉम्प्रेसर थांबतो, ब्रेक दाबेल तसतशी टाकीतली एअर कमी होत जाते आणि ती परत भरत नाही. पॉवर स्टिअरिंग जातं, दहाचाकी भरलेली गाडी वळणावर हाताने ओढावी लागते. धुराची वाट अडवून इंजिनलाच रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक जातो. गाडीचं सगळं वजन ब्रेकच्या ड्रमवर येतं. ड्रम तापून फुगतो, ब्रेकच्या लायनरपासून दूर जातो, लायनर तापून गुळगुळीत होतो, आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. मग पेपरात बातमी येते, ‘ब्रेक फेल’. ब्रेक फेल झालेले नसतात, वरून खाली येईपर्यंत ते संपवलेले असतात.

तुमच्या गाड्या कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे उतरतात. तो उतार दिसायला घाटासारखा नाही, रुंद आणि सरळ आहे, म्हणूनच तो फसवतो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. मी त्या रस्त्याने असंख्य वेळा गाडी नेली आहे. आजही तिथून जाताना मागे ट्रक दिसला की मी आरशात बघत राहतो.

ड्रायव्हरला एवढंच सांगा: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, मध्यावर नाही, कारण वेग वाढल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्येच अडकते. एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवायचा. ब्रेक सतत रगडत ठेवायचा नाही. दाबून वेग कमी करायचा आणि सोडायचा, म्हणजे ड्रमला थंड व्हायला वाव मिळतो. बोरघाटातही हेच.

तुमचं काम वेगळं. दर महिन्याला स्लॅक ॲडजस्टर (ब्रेकचा ढिलेपणा काढणारा भाग) बघून घ्या, सगळ्या चाकांचे. एकाच चाकाचा ढिला राहिला तर त्याचा भार बाकीच्यांवर जातो. आणि बक्षीस द्यायचंच तर ब्रेकचे लायनर किती महिने टिकले यावर द्या. गिअरमध्ये उतरणाऱ्या ड्रायव्हरचे लायनर दुप्पट टिकलेले मी माझ्या स्वतःच्या गाडीवर पाहिले आहेत.

बीएस-६ गाडीला कंपनीचा युरिया महाग पडतो. हायवेला सुटा स्वस्त मिळतो. काही जण खताचा युरिया पाण्यात विरघळवून टाकतात. चालेल का?
– एक ट्रकमालक, बार्शी

अजिबात नाही. धूर स्वच्छ करायला लागणारा गाडीचा युरिया म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी. खताच्या युरियावर कडुनिंबाचा थर असतो, त्यात इतर द्रव्यंही असतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार. हे सगळं मिळून आधी युरियाचं नोझल पांढरं होऊन बसतं, मग सायलेन्सरमधला कॅटॅलिस्ट मरतो. त्या एका कॅटॅलिस्टच्या पैशात कितीतरी वर्षांचा चांगला युरिया येतो. सुटा घ्यायचाच असेल तर रिफ्रॅक्टोमीटर घेऊन ठेवा. एक थेंब टाकून डोळ्याला लावला की प्रमाण कळतं. मात्र भेसळीत दुसरं काय आहे ते त्यात दिसत नाही, म्हणून मी सीलबंद कॅनच घेतो.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून फिटरने थर्मोस्टॅट काढून टाकला. बरोबर केलं का?
– एक वाचक, जालना

चूक केलं. थर्मोस्टॅट ही पाणी गरम होईपर्यंत अडवणारी झडप; तिच्याशिवाय इंजिन थंडच चालतं, डिझेल नीट जळत नाही, लायनर लवकर झिजतात. गाडी तापते ती रेडिएटर चोंदल्यामुळे, फॅनबेल्ट सैल असल्यामुळे किंवा वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) कमजोर झाल्यामुळे. रेडिएटरच्या जाळीत मागच्या बाजूने पाणी मारा, किती माती आणि किडे निघतात बघा. थर्मोस्टॅट नवा बसवा.

वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं अंगणात झाकून ठेवली आहे. ते गेले तेव्हापासून कुणी हात लावलेला नाही. आईला त्या गाडीतून एकदा गणपतीपुळ्याला न्यायचं आहे. नवी बॅटरी आणली आहे, सेल्फ मारू का?
– एक वाचक, रत्नागिरी

थांबा, अजून सेल्फ मारू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ही गाडी चालू व्हायलाच हवी.

सहा वर्षं कोकणातल्या दमट हवेत उभ्या राहिलेल्या इंजिनात रिंगा बोअरला गंजाने चिकटलेल्या असू शकतात. एकदम सेल्फ मारला तर रिंग तुटते. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे पातळ ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग प्लग न लावताच क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. मोकळं फिरलं तर निम्मं काम झालं. अडलं तर जोर लावू नका, परत ऑइल सोडा, आठवडा जाऊ द्या.

टाकीतलं जुनं पेट्रोल सगळं काढा. त्याचा डिंक झालेला असतो आणि तो कार्ब्युरेटरची जेट बुजवतो. कार्ब्युरेटर उतरवून साफ करा. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. १९८६ चं रबर त्यासाठी केलेलं नव्हतं, म्हणून पेट्रोलचे होज आणि पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारे घाला. गळलेलं पेट्रोल गरम इंजिनावर पडलं तर आग लागते, इथे काटकसर करू नका. प्रवासात चढावर गाडी गुदमरून थांबली तर पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाका आणि थोडं थांबा. पेट्रोलची वाफ अडकलेली असते. वडील हेच करत असणार, आईंना विचारा.

रजिस्ट्रेशनची मुदत संपली असेल तर आरटीओकडून नूतनीकरण करून घ्या, ते पाच वर्षांचं मिळतं. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी एवढे जुने टायर बदला.

ब्रेकची चारही चाकांची सिलिंडरं आणि मास्टर सिलिंडर खोलून त्यांची रबरं नवी घाला, जुनं ब्रेक ऑइल सगळं फेका. गाडी चालू झाल्याच्या आनंदात सगळे हेच विसरतात. अंगणात दहा फूट पुढे, दहा फूट मागे अशी वीस वेळा चालवून बघा. पेडल खाली जात नाही आणि चारही चाकं सारखी धरतात, हे दिसेपर्यंत आईंना गाडीत बसवू नका.