एकाच रात्रीत दोनदा सीटी कशाला?

प्रश्न: डॉक्टर, भावाचा रात्री बाईकवर अ‍ॅक्सिडेंट झाला. जवळच्या छोट्या हॉस्पिटलात सीटी काढला, मग म्हणाले मोठ्या हॉस्पिटलात हलवा, आणि तिथे गेल्या गेल्या परत सीटी! आमच्याकडे सीडी होती, फिल्म होत्या. भाऊ आता बरा आहे, पण हा बिल वाढवायचा धंदाच ना?

उत्तर: ताई, संशय येणारच, पण बऱ्याचदा कारण अगदी फालतू असतं, सीडी उघडतच नाही! मीही रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत हे केलंय, पेशंट ट्रॉलीवर, सीडी ड्राइव्हमध्ये नुसती घरघरतेय, सर्जन मागे उभा राहून "दिसलं का काही, दिसलं का" करतोय, शेवटी म्हटलं सोडा, परत काढा. फिल्मवर निवडक कटच, म्हणजे सीटीतले थोडेच काप, छापलेले असतात, मानेच्या मणक्यातली बारीक फट त्यात सहज निसटते, आणि मोबाइलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोबद्दल तर बोलायलाच नको.

कधीकधी मात्र रिपीट लागतोच. डोक्याचा सीटी साधाच काढतात, पण लिव्हर किंवा स्प्लीन (प्लीहा) फाटलीय का, आत रक्त वाहतंय का, हे शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये रक्त उठून दिसावं म्हणून द्यायचं औषध, दिल्याशिवाय नीट कळत नाही, आणि पहिल्या ठिकाणी पोटाचा सीटी बिनकॉन्ट्रास्टचा काढला असेल तर तो फुकटच गेला म्हणा.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. जिथे रात्री ऑपरेशन होणारच नाही तिथे सीटीसाठी पेशंटला थांबवतात कशाला? बेडवरच FAST, म्हणजे जखमींसाठीची झटपट सोनोग्राफी, करून पोटात, हृदयाभोवती रक्त साठलंय का बघा, छातीचा आणि पेल्विसचा (कमरेच्या हाडांचा) एक्सरे घ्या, गाडीत घाला, सीटी पुढे होईल. पण हे एकट्या हॉस्पिटलने ठरवून भागत नाही, आसपासच्या सगळ्यांचा प्रोटोकॉल एकच पाहिजे आणि इमेजेस पेशंटच्या आधी नेटवरून पोचल्या पाहिजेत. इंग्लंडमध्ये २०१२ पासून अशी रीजनवार ट्रॉमा नेटवर्क, म्हणजे गंभीर जखमींसाठी हॉस्पिटलांच्या साखळ्या, आहेत, आणि तिथल्या नाइस (NICE) या उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या संस्थेची २०१६ ची गाइडलाइन म्हणते की मोठ्या ट्रॉमात स्कॅननंतर ६० मिनिटांत प्राथमिक लेखी रिपोर्ट हातात हवा. आपल्याकडे मशीन आलं की लोक खूश, रात्री रिपोर्ट कोण देणार हे कुणी विचारतच नाही.

आणि हो, दोन्ही सीड्या जपून ठेवा, फॉलोअपला जुन्याशी ताडून बघायला लागतात.