फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवता वाजवता नाचणं कसं जमतं, आणि केप ब्रेटनच्या ग्रुपमध्ये सगळी भावंडंच का असतात?

मी कॅनडात हॅलिफॅक्सला राहते, केप ब्रेटन हे बेट इथून गाडीने तीनेक तासांवर, त्यामुळे हे खूपदा जवळून बघितलंय.

जमतं कारण हा नाच जमिनीलगतचा आहे, उंच उड्या नाहीत, हात सैल, कमरेच्या वर माणूस जवळपास स्थिर आणि सगळं काम गुडघ्याखाली, वरचं अंग हललं असतं तर गज तारेवर टिकलाच नसता. केप ब्रेटनची फिडलवादक नॅटली मॅकमास्टर दोन्ही एकदम करते ते याच जोरावर.

केप ब्रेटनमधल्या वेस्ट माबू गावाच्या हॉलमध्ये एकदा भाऊ वाजवत होता आणि बहीण नाचायला उठली, त्याची नजर पूर्ण वेळ तिच्या बुटांवर, आपल्याकडे कथ्थकला तबलजी पायांकडे बघतो ना अगदी तसं. आधी स्ट्रॅथस्पे, म्हणजे हिसके देत जाणारी लय, मग तिने मान जेमतेम हलवली आणि हा थेट वेगवान रीलमध्ये, मध्ये श्वासाचाही खंड नाही. हे रोज एका घरात वाढल्याशिवाय येत नाही असं माझं ठाम मत आहे.

कारण शिकायची जागाच स्वयंपाकघर होती. शेजारीपाजारी जमायचे, एकाच्या हातात फिडल, दुसरा पियानोवर, बाकीचे नाचणार, फिडल नसलं तर तीच धून गेलिक, म्हणजे स्कॉटलंडहून आलेल्या पूर्वजांच्या भाषेतल्या, शब्दांत तोंडाने म्हणायची. 'रँकिन फॅमिली' या ग्रुपवाल्या माबूच्या रँकिनांच्या घरी बारा भावंडं, सत्तरच्या दशकात मोठी लग्नात-डान्समध्ये वाजवायची आणि ती युनिव्हर्सिटीत गेली की खालची त्यांच्या जागी उभी राहायची.

घरातून शिकायची हीच रीत अकेडियन लोकांतही दिसते; अकेडियन म्हणजे या भागातले फ्रेंच बोलणारे, १७५५ पासून इंग्रजांनी ज्यांना घरादारातून हाकललं ते. जवळच्याच प्रिन्स एडवर्ड आयलंड बेटावर एडी आर्सेनो फिडल वाजवायचे, पुढे त्यांची मुलं आल्बेर आणि एलेन 'बाराश्वा' या ग्रुपमध्ये होती. अकेडियन लोक खुर्चीत बसून वाजवतानाच दोन्ही पायांनी ताल धरतात, ते ऐकताना तालवाद्याची गरजच वाटत नाही!

१९७१ च्या सुमारास सीबीसी या कॅनडाच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या एका डॉक्युमेंटरीने केप ब्रेटनचे फिडलवाले संपत चाललेत असं म्हटलं, ते लोकांना इतकं लागलं की १९७३ ला ग्लेनडेलच्या महोत्सवात शंभरावर फिडलवाले जमले.

बघायला येणार असाल तर ऑक्टोबरमध्ये या, 'सेल्टिक कलर्स' हा संगीत महोत्सव तेव्हाच भरतो, आणि फिडलवाल्याच्या बाजूची खुर्ची पकडा, तिथून पाय नीट दिसतात.