वाचकांचे प्रश्न : डार्करूममधील रसायनांची पूड घरात कशी सांभाळावी?

प्रश्न : घरातील एका लहान खोलीत मी कृष्णधवल फिल्म धुतो आणि छपाई करतो. आजवर तयार द्रावणे वापरत आलो. आता मेटॉल, हायड्रोक्विनोन, सोडिअम सल्फाइट, बोरॅक्स आणि हायपो (सोडिअम थायोसल्फेट) सुटे आणून डेव्हलपर (चित्र उमटवणारे द्रावण) व फिक्सर (उमटलेले चित्र टिकाऊ करणारे द्रावण) स्वतः करण्याचा विचार आहे. घरात लहान मुले आहेत आणि पत्नीला दम्याचा त्रास आहे. ही रसायने घरात ठेवावीत का, आणि ठेवायची तर कशी?

उत्तर : ठेवता येतील, पण कपाटाची चिंता करण्यापूर्वी वजनकाट्याची करावी. बंद बाटलीतील पूड कोणाला त्रास देत नाही. पाकीट फोडताना आणि चमच्याने काढताना ती उडते आणि तेवढ्या चार-पाच मिनिटांतच श्वासातून आत जाते. म्हणून वजन करताना पंखा बंद ठेवावा (वाऱ्याने काट्यावरचा आकडाही स्थिर राहत नाही), चमचा कागदाच्या अगदी जवळ नेऊन हलकेच टिचकी मारावी आणि नाकातोंडावर एन-९५ प्रतीचा मास्क लावावा; साध्या कापडी मास्कचा येथे फारसा उपयोग नाही. काम झाल्यावर ओटा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसावी. झाडू मारला की खाली बसलेली पूड पुन्हा हवेत येते, आणि डेव्हलपरचे हेच कण पुढे छपाईच्या कोऱ्या ब्रोमाइड कागदावर बसून काळे ठिपके पाडतात. पुसून होईपर्यंत पत्नीने व मुलांनी त्या खोलीत येऊ नये.

प्रमाण पाहिले तर उडणारी पूड मुख्यतः कोणती, हे कळेल. डी-७६ या प्रचलित डेव्हलपरच्या एका लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम असते. सल्फाइटचा आम्लाशी संबंध आला की सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो आणि दम्याच्या रुग्णाला तो अल्प प्रमाणातही बाधतो. तेव्हा स्टॉप बाथसाठी (डेव्हलपरचे काम थांबवणाऱ्या आम्लाच्या द्रावणासाठी) लागणाऱ्या ॲसिटिक आम्लाची बाटली या पुडींपासून दूर, वेगळ्या कप्प्यात असावी. फिक्सर आम्लधर्मी करण्यासाठी वापरतात ते पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट तर आपल्या घरात आणूच नये, असे मी सुचवेन. त्याचे झाकण उघडले तरी नाकाला झोंबते. स्टॉप बाथऐवजी साध्या पाण्याने धुऊन नुसत्या हायपोच्या द्रावणात फिक्स केल्यास काम भागते, फक्त ते द्रावण लवकर संपते.

मेटॉलची गोष्ट निराळी. त्याची त्वचेला एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. ऐन उमेदीत मी प्रिंट हातानेच ट्रेमध्ये हलवत असे. दोन वर्षांनी बोटांची पेरे खाजून भेगाळली, आणि आज हातमोज्यांशिवाय मला डेव्हलपरच्या ट्रेजवळ जाता येत नाही. नायट्राइलचे हातमोजे पहिल्या दिवसापासून घालावेत. हायड्रोक्विनोनसाठी डोळ्यांवर चष्मा हवा. डोळ्यात काही गेलेच, तर वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुऊन डॉक्टरांकडे जावे आणि जाताना बाटलीवरचे नाव सोबत न्यावे.

मिसळताना नेहमी पाण्यात पूड घालावी, पुडीवर पाणी ओतू नये. डी-७६ साठी सुमारे ५० अंश सेल्सिअसचे ७५० मिलिलिटर पाणी घेऊन आधी चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेले सल्फाइट असा क्रम ठेवतात, कारण सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल नीट विरघळत नाही. या गरम पाण्याच्या वाफेने चमचा दमट होतो आणि तोच पुन्हा बरणीत गेला की आठवडाभरात आत खडे धरतात. प्रत्येक पुडीला वेगळा, कोरडा चमचा असावा आणि तो स्वयंपाकघरात परत जाऊ नये.

साठवणीसाठी मूळ डबाच उत्तम. नसेल तर घट्ट झाकणाची तपकिरी काचेची बाटली घ्यावी. खाद्यपदार्थांच्या बरण्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण हायपोचे खडे साखरेसारखे आणि बोरॅक्स मिठासारखा दिसतो. बाटलीवर नाव व उघडल्याची तारीख लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावावी. हायपो खड्यांचा आहे की निर्जल (स्फटिकातील पाणी काढलेला), हेही लिहावे; १०० ग्रॅम निर्जल हायपोचे काम खड्यांच्या हायपोने करायचे तर तो सुमारे १५७ ग्रॅम लागतो. कपाट कोरडे आणि कुलपाचे असावे. न्हाणीघरातील फडताळ यासाठी कामाचे नाही.

प्रश्न : एक लिटरच्या डेव्हलपरच्या पाकिटातील अर्धीच पूड आता विरघळवून उरलेली नंतर वापरली तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. पाकिटातील घटकांचे कण लहानमोठे असतात आणि हाताळणीत ते थरांनी वेगळे होतात, त्यामुळे अर्ध्या पुडीत मेटॉल किती आले याचा भरवसा नसतो. शिवाय उघडी पूड दमट हवेत खराब होते. पूर्ण पाकीट एकदम विरघळवावे आणि द्रावण लहान बाटल्यांत काठोकाठ भरून ठेवावे, म्हणजे आत हवा राहत नाही. न उघडलेल्या पाकिटातील पूडही पांढरी किंवा फिकट असायला हवी. ती तपकिरी निघाली, तर त्या पाकिटावर फिल्म पणाला लावू नये.