अमेरिकन गायक-गिटारवादक रे पार्कर ज्युनियर ‘घोस्टबस्टर्स’ सिनेमाच्या एका गाण्यापुरताच होता का?

नाही हो. १९८४ साली ते गाणं आलं, तोवर गडी बारा वर्षं रेकॉर्डिंगमध्ये मुरलेला होता. मी स्वतः ऑर्केस्ट्रात ऱ्हिदम गिटार वाजवतो, तेव्हा माझं माप थोडं त्याच्याकडे झुकेल, ते समजून घ्या.

जन्म डेट्रॉईटचा, १९५४. विशी गाठायच्या आत तो गायक स्टीव्ही वंडरच्या बँडमध्ये होता. वंडरच्या १९७२ च्या ‘टॉकिंग बुक’ अल्बममधलं ‘मेबी युअर बेबी’ लावा, त्यातली गिटार त्याची. पुढे लॉस एंजेलिसला गायक बॅरी व्हाइटच्या गाण्यांवर वाजवलं, आणि रूफस बँडसाठी त्याची गायिका चाका खान हिच्या जोडीने ‘यू गॉट द लव्ह’ लिहिलं.

फंक या ठेक्यावर चालणाऱ्या संगीतात गिटारवाल्याचं काम तबल्याच्या ठेक्यासारखं असतं. उजवा हात सतत वरखाली चालू, डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकलेली. मध्येच क्षणभर दाबली की सूर निघतो, एरवी फक्त ‘चिक-चिक’. कुठे वाजवायचं नाही हे ज्याला कळतं, त्याला पुढच्या रेकॉर्डिंगला बोलावणं येतं. पार्करमधला निर्माता इथेच घडला असं मला वाटतं. १९७७ मध्ये त्याने रेडिओ नावाचा बँड काढला, पण ‘जॅक अँड जिल’ या पहिल्या हिट गाण्यात मुख्य आवाज स्वतःचा ठेवलाच नाही! १९८१ च्या ‘अ वुमन नीड्स लव्ह’मध्ये मात्र तोच गायला. पुढच्या वर्षी ‘द अदर वुमन’ हा एकट्याच्या नावावरचा अल्बम आला आणि त्याचं शीर्षकगीत अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं.

‘घोस्टबस्टर्स’ची गंमतही त्याच वळणाची. हाती जेमतेम दोन-तीन दिवस, आणि त्या शब्दाला यमक काही जुळेना. मग त्याने तो शब्द गायलाच नाही. स्वतः फक्त सवाल टाकला, जवाब घोळक्याला ओरडायला लावला. गाणं तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ऑस्करचं नामांकनही मिळालं, पण बाहुली नेली जुन्या मालकाने, स्टीव्ही वंडरने. चाल आपल्या गाण्यावरून उचलली म्हणून रॉक गायक ह्यूई लुईसने दावा ठोकला होता, तो कोर्टाबाहेर मिटला.

त्याच वर्षी न्यू एडिशन या पोरांच्या बँडने गायलेलं ‘मिस्टर टेलिफोन मॅन’ही त्यानेच लिहिलेलं, आणि निर्मितीही त्याचीच. ऐकायचं तर आधी रेडिओ बँडचं ‘यू कान्ट चेंज दॅट’ ऐका, हेडफोन लावून.