सात पानांच्या पत्रातल्या दोन ओळी

*आदरणीय ताई, वय ६२. सिडकोत राहतो. अंबडच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालो. पाचवीत असताना वडिलांनी सावानाचं (सार्वजनिक वाचनालय, नाशिक) सभासद केलं, तेव्हापासून कथा-कादंबऱ्यांचं वेड आहे. घरात चौदाशेवर पुस्तकं आहेत. परवा मुलीकडे जेवायला बसलो होतो. सौ. सगळ्यांसमोर म्हणाली, "यांचं काय, मी मेले तरी हातातलं पान संपवूनच उठतील." सगळे हसले. मला मात्र लागलं. त्यावर जावई म्हणाले, "बाबा, जन्मभर खोट्या गोष्टी वाचून मिळालं काय?" ताई, हे व्यसन आहे का? वाचन कमी करू का?*
*– एक पुस्तकवेडा, नाशिक*

नमस्कार भाऊ,

तुमचं पत्र सात पानांचं होतं. जागेअभावी कापावं लागलं, त्याबद्दल राग मानू नका. कापण्याआधी मी ते दोनदा वाचलं. एकदा सल्ला देणारी म्हणून आणि एकदा तुमच्याच जातकुळीतली बाई म्हणून. आमच्याकडे दूध उतू गेलं की कुणी कारण विचारत नाही. मी कितव्या प्रकरणावर आहे, एवढंच विचारतात.

आधी जावईबापूंचं उरकून घेऊ. तुमचं सावाना १८४० सालचं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली १८५७ मध्ये. म्हणजे वाचायला मराठी कादंबरी नव्हती तेव्हापासून नाशकात वाचनालय आहे! आणि ती पहिली 'खोटी गोष्ट' कशावर होती, तर विधवांच्या हालांवर. पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षांत कोण घेतो?' लिहिली, तीही एका बाईच्याच तोंडून. ओसरीवर बसणाऱ्या पुरुषांना माजघरात काय चाललंय ते अशा गोष्टींनी सांगितलं. वर्तमानपत्रात ते कुठून येणार? पण हे जावयांना ऐकवायला जाऊ नका. जावयाशी वाद जिंकून कुणाचं भलं झालेलं नाही. पुढच्या वेळी द्राक्षांची पेटी घेऊन जा आणि विषय सोडून द्या.

व्यसन म्हणाल तर, नोकरी सांभाळलीत, घराचं कर्ज फेडलंत, मुलीचं शिक्षण आणि लग्न केलंत. एक पानही कमी करू नका.

आता दुसऱ्या वाचनाबद्दल. सातातली साडेपाच पानं पुस्तकांवर आहेत, आणि काय सुंदर आहेत! सेकंड शिफ्ट संपवून भर पावसात सिटी बसमध्ये उभ्याने कादंबरी संपवलीत आणि दोन स्टॉप पुढे जाऊन उतरलात, ते मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. एका कादंबरीतली नायिका भाकरी थापता थापता क्षणभर थांबते. त्या थांबण्यात तिचं अख्खं आयुष्य कसं दिसतं, यावर तुम्ही पाऊण पान लिहिलंय.

आणि बायकोवर? दोन ओळी. "सौ. स्वभावाने चांगली आहे. तिला वाचनाची आवड नाही."

भाऊ, एखाद्या लेखकाने नायिकेला अशा दोन ओळींत गुंडाळलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात, पात्र उभंच राहिलं नाही. वहिनींचं माहेर कुठलं, त्या हसतात कशा, रागावल्या की बोलतात की भांडी आपटतात, पत्रात काहीच नाही. नावसुद्धा नाही. सगळीकडे 'सौ.'

चौथ्या पानावर मात्र त्या एकदा डोकावून गेल्या आहेत, तुमच्या नकळत. पुस्तकांना कसर लागू नये म्हणून काय करता, ते सांगताना तुम्ही लिहिलंय: "दर उन्हाळ्यात सौ. सगळी पुस्तकं खाली काढते, पुसते, कप्प्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालते आणि होती तशी लावते." होती तशी! चौदाशे पुस्तकं! म्हणजे कोणतं पुस्तक कोणाच्या शेजारी राहतं हे त्या बाईला पाठ आहे. तुम्ही ते वाक्य पुस्तकांच्या निगेबद्दल म्हणून लिहिलंत. मी तिथे बराच वेळ थांबले.

"वाचनाची आवड नाही" हेही मला पटत नाही. वाचायला मोकळे हात लागतात. तुमचे मोकळे होते, कारण त्यांचे नव्हते. कणीक मळता मळता पान उलटता येत नाही. तुम्ही वाईट नवरा आहात असं मी म्हणत नाही. आपल्या पिढीतल्या बहुतेक घरांत हेच झालं. पण तुम्ही इतक्या कादंबऱ्या वाचलेले गृहस्थ, तुमच्याकडून मी जरा जास्त अपेक्षा ठेवली तर चुकलं का?

पंगतीत त्या जे बोलल्या ते पुस्तकांबद्दल नव्हतं. पुन्हा वाचा, 'यांचं काय' झाल्यावर वाक्य 'मी'पासून सुरू होतं. नाशिककराला मी काय सांगावं, आपण गोदावरीचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की भांडीबाजार, सराफ बाजारातली दुकानं आवरायला लागतात. बायको चारचौघांत हसत हसत आपल्या मरणाचं बोलली, तर पाणी कमरेच्या वर गेलंय असं समजा.

तर, वाचन कमी करू नका, मोठ्याने करा. आपल्याकडे पोथी अशीच चालायची. एकाने वाचायची, बाकीच्यांनी वाती वळत, शेंगा सोलत ऐकायची. संध्याकाळी वहिनी मेथी निवडायला बसल्या की समोर बसा आणि एक कथा वाचून दाखवा. कथा म्हणतेय, सातशे पानांची ती तुमची लाडकी कादंबरी नव्हे. विनोदी असली तर उत्तम. मध्येच थांबून "कळलं का?" विचारायचं नाही. संपल्यावर लेखकाची थोरवी सांगायची नाही. त्या म्हणाल्या, "पुरे, बंद करा," तर बंद करायचं. आणि एखाद्या पात्रावर त्या काही बोलल्या, "अशी एक बाई आमच्या आळीत होती," असं काही, तर पुस्तक मिटून ठेवा आणि ऐका. मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे ओढून घेतलीत तर आणखी बरं.

"हे घे, तुला सोपं जाईल," म्हणून त्यांच्या हातात पुस्तक मात्र ठेवू नका. हा प्रयोग तुम्ही लग्नानंतर पहिल्या वर्षी केला असणार, आणि तो का फसला ते तुम्हाला अजून कळलेलं नाही.

जेवताना पुस्तक बंद. वरणाचे डाग पडलेल्या पानांचं तुम्ही कौतुकाने लिहिलंय, पण ते वरण समोर बसलेल्या माणसाने केलं होतं.

कपाटांचा वाद तुम्ही शेवटी ओझरता लिहिलाय. स्वयंपाकघराशेजारचं कपाट रिकामं करून द्या, त्यांच्या साठवणीच्या डब्यांना हवंय. पुन्हा वाचणार नाही अशी दोन-तीनशे पुस्तकं नक्की निघतील. रद्दीत घालू नका. आधी जवळच्या वाचनालयात चौकशी करा, सगळीच पुस्तकं सगळीकडे घेत नाहीत. आणि नवीन वाचायला मिळण्याची काळजी नको, कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातली वाचकांसाठीची पुस्तकांची पेटी तुमच्या भागात येते का ते बघा. त्या निमित्ताने पुस्तकांवर बोलायला आणखी चार माणसं भेटतील, सगळा भार घरच्यांवर पडणार नाही. कोणती पुस्तकं काढायची, ते मात्र दोघांनी मिळून ठरवा. कोणत्या पुस्तकाला तुम्ही वर्षानुवर्षं हात लावलेला नाही, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पहिल्या संध्याकाळी त्या हातातली मेथी खाली ठेवून तुमच्याकडे बघतील आणि म्हणतील, "आज काय झालंय तुम्हाला?" तेव्हा माझं नाव सांगू नका.

तुमची,
ताई