मराठी माध्यमातून एसएसएलसी झाल्यावर पीयूसीचं बीजगणित पक्कं कसं करावं?

खानापूरकडच्या मराठी शाळेतून एसएसएलसी (कर्नाटकातली दहावी) करून आलास, बेळगावात पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आहेस, आणि वर्गसमीकरण दिसलं की हातपाय गळतात, असं तू लिहिलंयस. मी निपाणीकडचा. माझंही हेच झालं होतं. सर समजावायचे कन्नडात, फळ्यावर इंग्रजी, आणि माझ्या डोक्यात मराठी. पहिल्या चाचणीत २५ पैकी ७ मिळाले. घरात सगळ्यांनी इंग्रजीला दोष दिला, मीही दिला.

भाषेचा अडथळा खरा आहे, पण तो लवकर सरतो. वहीच्या पानावर मधोमध रेघ मार आणि जोड्या लिहीत जा: सहगुणक म्हणजे कोइफिशंट, अवयव म्हणजे फॅक्टर, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमिअल, करणी म्हणजे सर्ड. मराठी शब्द टाकून देऊ नकोस, अर्थ त्यांनीच कळतो.

खरी अडचण आठवी-नववीत कच्च्या राहिलेल्या गोष्टींची असते. अपूर्णांक, उणे चिन्ह, आणि (अ + ब)² म्हणजे अ² + ब² असं बिनधास्त लिहून टाकणं. एखाद्या पायरीची शंका आली की अक्षरांच्या जागी आकडे घाल. ३ आणि ४ घे: ७ चा वर्ग ४९, पण ९ आणि १६ मिळून २५च. मधले २४, म्हणजे २अब, कुठं गेले ते लगेच दिसतं. या एका सवयीनं माझे सगळ्यात जास्त गुण वाचवले.

आता वर्गसमीकरणाचं सूत्र. ते पाठ करण्याआधी स्वतः काढ. घरामागच्या परड्याची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटर जास्त, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. रुंदी क्ष धरली तर क्ष² + ७क्ष = ६०. दोन्ही बाजूंना ४ नं गुण: ४क्ष² + २८क्ष = २४०. आता ७ चा वर्ग, ४९, दोन्हीकडे मिळव. डावीकडे (२क्ष + ७)² तयार झाला, उजवीकडे २८९. म्हणजे २क्ष + ७ हे १७ किंवा उणे १७. क्ष = ५ किंवा उणे १२. समीकरणाला दोन्ही चालतात, परड्याला फक्त ५.

ही रीत जुन्या काळातले भारतीय गणिती श्रीधराचार्य यांची. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज मिळत नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ती त्यांच्या नावानं दिली, म्हणून ती टिकली. गंमत अशी की अपूर्णांक शेवटच्या पायरीपर्यंत येतच नाहीत. क्ष² चा सहगुणक अ असेल तर ४ ऐवजी ४अ नं गुणायचं. अक्ष² + बक्ष + क = ० घेऊन हेच कर, (२अक्ष + ब)² = ब² − ४अक मिळेल. पुस्तकातलं सूत्र इथून एका पायरीवर आहे. आणि विवेचक, म्हणजे उजवीकडचं ब² − ४अक, उणे आला की वास्तव उत्तर का नाही, हेही इथंच कळतं: डावीकडे वर्ग आहे, तो उणे कसा होणार?

रोज पाचच गणितं कर, पण प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून तपास. आज हे सोडव: २क्ष² + ५क्ष = १२. उत्तर दीड आणि उणे चार यायला हवं. नाही आलं तर तुझ्या पायऱ्या जशाच्या तशा इथं लिही, कुठं चुकलं ते बघून सांगतो.