घरात एकालाच सिलिॲक आहे, बाकीचे चौघे पोळी खातात. वेगळा तवा आणि पोळपाट-लाटणं ठेवलं तर पुरेल का?

नाही, पुरणार नाही. सिलिॲक म्हणजे गहू, बार्ली यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने लहान आतडं बिघडतं तो आजार. तवा आणि पोळपाट-लाटणं वेगळं ठेवाच, पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. आम्ही हे पहिल्याच आठवड्यात केलं होतं. तवा नवा, पोळपाट नवा, लेकीच्या डब्यांना लाल दोरा बांधलेला. तरी वर्षभराने तिची टीटीजी, म्हणजे या आजाराच्या रक्ततपासणीतला आकडा, जवळजवळ होती तिथेच.

लेक सात वर्षांची असताना निदान झालं. त्याआधी दोन वर्षं आम्ही तिला लोहाचं औषध पाजत होतो आणि हिमोग्लोबिन आठाच्या वर सरकत नव्हतं. वर्गात ती सगळ्यात बुटकी. टीटीजी झाली, एंडोस्कोपी झाली, लहान आतड्याच्या आतलं मखमलीसारखं अस्तर पार सपाट झालंय असं कळलं. त्या दिवसापासून तिची पोळी, ब्रेड, बिस्किटं, रवा, शेवया, मॉल्टची दुधातली पावडर, सगळं बंद. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, ज्वारीची भाकरी घराला नवी नव्हती. मला वाटलं, आपण सुटलो.

पण पोट दुखायचं थांबेना. शाळेत चोरून काही खाते का म्हणून मी तिचं दप्तर तपासलं, तिच्या मैत्रिणीला विचारलं, एकदा तिला मारलंसुद्धा. ती रडत म्हणत होती, "आई, मी नाही गं खाल्लं काही." ते मला आजही आठवतं.

मग नवरात्र आलं. सासूबाईंचे नऊ दिवस उपास असतात. शाळेला सुट्टी होती, लेक आजीला चिकटलेली. आजीच्या ताटातली भगर, दाण्याची आमटी, साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याची खीर, तेच तीही खायची. मी दुर्लक्ष केलं. दसऱ्याला भाकरी-आमटीचं नेहमीचं जेवण सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी तिचं पोट परत फुगलं. तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, उपासाचे नऊ दिवस पोर एकदाही कळवळली नाही. भाकरीतच काहीतरी आहे." मी त्यांना गप्प केलं. ज्वारीत ग्लुटेन नसतं, डॉक्टरांनी सांगितलंय, तुम्हाला काय कळतंय, असं बोलले मी. चौथी शिकलेल्या बाईने जे ताटात पाहिलं ते मला दोन पदव्या घेऊन दिसलं नाही.

पुढे वाचलं की हा आजार गव्हाचा आहे हेही असंच पक्कं झालं होतं. डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांची हीच आजारी मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा खालावली. सासूबाईंनी आमच्या घरात तेच पाहिलं होतं.

भाकरीत काय होतं? गिरणी. आमचे गिरणीवाले काका फार भले. "वहिनी, सकाळचं पहिलं दळण तुमचंच" म्हणायचे आणि शब्द पाळायचे. पण आदल्या रात्रीचं शेवटचं दळण गव्हाचंच असायचं. दगडांच्या मध्ये, पीठ पडतं त्या कापडी बाहीत कणीक अडकलेली असतेच. हिशेब करून बघा. ग्लुटेन-फ्री म्हणायची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे दोन किलो ज्वारीला ४०. मूठभर कणीक जरी त्यात उतरली तरी ग्लुटेन तीन ग्रॅमच्या आसपास जातं. आणि या आजारात रोजचे ५० मिलिग्रॅमसुद्धा आतडं बिघडवायला पुरतात. म्हणजे चिमूटभर कणीक. माझी मुलगी दोन्ही वेळा तेच पीठ खात होती आणि मी दप्तर तपासत होते.

दुसरी गोष्ट हिंग. डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आत्ता उठून बघा. बहुतेक डब्यांत हिंग थोडा, बाकी डिंक आणि गव्हाचं पीठ. वरणात, ताकात, कोशिंबिरीत, लोणच्यात, उडदाच्या पापडात, सगळीकडे तोच. चिमटीचाच असतो हे खरं, एकट्या हिंगाने आमची टीटीजी अडकली असती असं मी म्हणणार नाही. पण तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, खडा हिंगही मिळतो, मग दुसरा घरात ठेवायचाच कशाला? उपासाला हिंग नाही आणि गिरणीचं पीठ नाही, म्हणून ते नऊ दिवस बरे गेले.

मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ यांतही गहू असतो. कुरडया तळलेल्या तेलात तिचे पोह्याचे पापड तळायचे नाहीत. आणि चाळणी! तवा सगळे बदलतात, चाळणी कोणी बदलत नाही. तिच्या जाळीतली कणीक कितीही धुतली तरी निघत नाही.

आता घरघंटी. मी नवी घेतली आणि त्यावरून आमच्याकडे जे झालं ते अजून मिटलेलं नाही. जाऊबाईंनी त्यांची जुनी देऊ केली होती, प्रेमानेच. पण त्यात सहा वर्षं गहू दळलेला. मी नको म्हटलं. त्यावर सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, "एवढ्याशा पिठाने काय होतं? तुम्हीच पोरीला नाजूक करून ठेवलंय." भाऊजी म्हणाले, हा सगळा हायब्रीड गव्हाचा दोष, पोरीला खपली द्या, आपले वाडवडील तोच खायचे. मी इथे स्पष्ट लिहिते. खपली हा गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, सिलिॲकच्या माणसाला तो चालत नाही. शरबती नाही, खपली नाही, सेंद्रिय नाही, एकही गहू चालत नाही. सातू म्हणजे बार्ली, तीही नाही. "एवढ्याशाने" होतं, आणि पोट दुखलं नाही तरी आतून होतच असतं.

नव्या घरघंटीत ज्वारी, बाजरी आणि तांदूळ सोडून काही घातलं नाही. पुढच्या वर्षी टीटीजी मर्यादेत आली. लेक त्या वर्षात सात सेंटिमीटर वाढली. सासूबाईंनी दारावर पेन्सिलीने खुणा केल्यात, रंग देताना तेवढी चौकट आम्ही सोडली.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की जमलं तर घरातूनच गहू काढा. आम्ही काढला. बाकीचे चौघे बाहेर पोळी खाऊ शकतात, घरात एका लेकराला मोकळेपणाने कुठल्याही डब्यात हात घालता आला पाहिजे. नाहीच जमलं, म्हातारी माणसं पोळीशिवाय जेवत नसतील, तर आधी तिचा स्वयंपाक उरका, मग कणीक काढा, तिचे डबे कायम वरच्या फळीवर. स्टीलची भांडी नवी घ्यायची गरज नाही, साबणाने नीट घासली की झालं. लाकडाचं मात्र सगळं वेगळं. मी डॉक्टर नाही, आणि सगळं पथ्य पाळूनही मुलांची टीटीजी उतरायला वर्षभर किंवा जास्तही लागतं, तेव्हा आकडा हळू उतरतोय म्हणून घरात चोर शोधू नका. आमचा उतरतच नव्हता, ते वेगळं.

अजून एक, हे तुम्ही विचारलेलं नाही. आईवडील आणि भावंडं, सगळ्यांची टीटीजी करून घ्या. माझ्या नवऱ्याला पोटाचा कधी त्रास नव्हता, फक्त हिमोग्लोबिन कमी असायचं. त्यालाही सिलिॲक निघाला. मग भाऊजींनी, त्याच्या सख्ख्या भावाने, करायला नको का? तोंड सतत आलेलं असतं, थकवा जात नाही, आणि म्हणतात आपल्या घराण्यात असलं काही नाही. चार वर्षं मी सांगतेय. एक रक्ततपासणी आहे. ती गहू खात असतानाच करायची असते, बंद केल्यावर केली तर आजार असूनही नसल्यासारखी येऊ शकते. तुमच्याकडे कोणाची राहिली असेल तर त्याची पोळी बंद करायच्या आधी रक्त द्या.